सतरा पाहुणे आणि सारिना मावशी

शनिवार, ४ मे

मिळालं. जहाज मिळालं मला.

हे लिहितानासुद्धा मी उभीच आहे, बसवतच नाही. सहली नेणाऱ्या पोमाबाईंच्या कचेरीतून घरापर्यंत धावत आले, बासष्टाव्या वर्षी, हातात भाजीची पिशवी घेऊन. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने विचारलं, "काय गं निन्फा, कोण मागे लागलंय?" म्हटलं, "जहाज लागलंय."

पोमाबाई जास्त बोलत नाहीत. म्हणाल्या, "एक जहाज देते, त्यावरचे पाहुणे फिरवायला. एकच. सकाळी आठला त्रापानीच्या बंदराला लागतं, दुपारी साडेचारला सगळे परत आत पाहिजेत. सकाळी सेजेस्ताचं जुनं ग्रीक देऊळ, मग डोंगरावरचं एरिचे गाव, मग बंदर. दिवस नीट पार पडला तर हंगामभर मंगळवारची सगळी जहाजं तुझी. एक जरी माणूस मागे राहिला तर मी तुला ओळखत नाही." त्यांचंही बरोबर आहे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला गेलेल्यांना उशीर झाला तर कप्तान थांबतो. आमच्यासारख्या बाहेरच्यांबरोबर गेलेल्यांसाठी तो शिट्टीसुद्धा जास्तीची वाजवत नाही.

चोवीस वर्षं मी सेजेस्ताच्या तिकीटखिडकीत काढली. देऊळ माझ्या पाठीमागे, तोंडासमोर गाड्या उभ्या करायचं मैदान. देऊळ बघून परतणाऱ्यांचे चेहरे बघायची आणि मनात म्हणायची, कधीतरी मीच दाखवीन. सुट्टीच्या दिवशी अभ्यास करून गाइडची परीक्षा दिली, पास झाले, आणि ते कार्ड सात वर्षं चमच्यांच्या खणात पडून राहिलं. डिसेंबरात निवृत्त झाले तेव्हा ते बाहेर काढलं.

आता गास्पारेला काय सांगायचं? तोरिनोहून रोज फोन करतो बिचारा. "आई, बाबा गेल्यापासून एकटी किती दिवस राहशील? आम्ही तुझी खोली रंगवून घेतोय." एक जूनपासून सूनबाईंची नोकरी सुरू होतेय आणि नेमकी खोलीही तेव्हाच तयार होतेय, छान जुळून आलंय म्हणतो. मी त्याला शब्द दिलाय. मेअखेर हाताला काम लागलं नाही तर घराला कुलूप लावून मी तोरिनोला जाईन. पोर एवढी माया करतो आणि मला जायचं नाही, याची लाजही वाटते. तोरिनोत समुद्र नाही. मीठ नाही हवेत. मी काय करू तिथे?

म्हणजे सगळं या एका दिवसावर आलं.


गुरुवार, ९ मे

स्वयंपाकघरातल्या बरण्यांना देऊळ समजावून सांगितलं, इंग्रजीत. केपर्सच्या लोणच्याची बरणी सगळ्यात लक्ष देऊन ऐकते. शेजारणीने भिंतीवर थाप मारून विचारलं, "कुणाशी भांडतेयस?"

बस नार्दोची ठरली. नार्दो माझ्या नवऱ्याचा मित्र, पस्तीस वर्षं एरिचेच्या घाटात बस चालवतोय, एक ओरखडा नाही. भाडं सांगायला तयार नाही. "नंतर बघू," म्हणतो. आज बस धुऊन दाखवायला घेऊन आला, सीटना नवीन कापड घातलंय. मी म्हटलं, "एवढा खर्च कशाला केलास?" तर म्हणे, "बसची हौस." पुरुषांना गाड्यांचं एवढं वेड का असतं कोण जाणे.


मंगळवार, १४ मे

घात झाला.

पोमाबाईंनी यादी पाठवली. सगळी डेन्मार्कची मंडळी, साठीच्या पुढची. मोजली तर सतरा. कॅलेंडर बघितलं. सहल शुक्रवारी, सतरा तारखेला, आणि बसमध्ये सतरा जण.

पोमाबाईंना फोन केला. म्हटलं, एक कमी करता येईल का? "निन्फा, मी कोणाला सांगू, की इटलीत सतरा वाईट म्हणून तुम्ही जहाजावरच बसा?" मग एक वाढवता येईल का? "पाहुणे माझ्याकडे झाडाला लागत नाहीत." फोन ठेवला.

नार्दोला सांगितलं तर त्याने आधी खिशातली किल्ली घट्ट धरली, लोखंडाला हात लावला की अपशकुन टळतो म्हणून. मग शांतपणे म्हणाला, "मी नाही येत."

"तू आणि मी धरून एकोणीस होतात ना."

"ड्रायव्हर मोजत नाहीत. गाइड मोजत नाहीत. मोजतात ते पाहुणे. माझ्या मेव्हण्याच्या इमारतीत सोळानंतर अठरावं घर आहे, बांधणारे काय मूर्ख होते? शुक्रवारी सतरा तारखेला सतरा जण घेऊन तो घाट मी उतरणार नाही. निन्फा, तू म्हणशील तर तुला एकटीला चंद्रावर नेईन. पण सतरा नाही."

चंद्र काय करायचाय मला. पण मनातून त्याचं पटत होतं. चांगल्या कामात सतरा विघ्नं येतात ती उगाच नाही.

तोडगा सारिना मावशीने काढला. माझ्या नवऱ्याची मावशी, एकोणऐंशी वर्षांची, आमच्याच गल्लीत राहते. कॉफी प्यायला आली होती. सगळं ऐकून म्हणाली, "त्यात काय, मी येते. अठरा झाले." नार्दोने किल्ली सोडली. मावशीने जन्मात सेजेस्ता पाहिलेलं नाही, अर्ध्या तासावर राहून. मी म्हटलं, "मावशी, दिवसभर चालायचंय." तर म्हणे, "मला चालायचं नाहीये, मोजून घ्यायचंय. बसलेलीही मोजता येते."


गुरुवार, १६ मे

ब्लाउज इस्त्री केला. रबरी तळव्याचे बूट काढले. एरिचेच्या दगडांवर चामड्याचे बूट घालून गेलेला माणूस मी उभा परत आलेला पाहिलेला नाही. गास्पारेचा फोन आला. खोली फिकट पिवळी रंगवली. मी म्हटलं, उद्या माझं जहाज आहे. तो म्हणाला, "हो का? छान. आई, नोएमी दुपारी दोन तास झोपते, बाकी काही त्रास देत नाही." माझं मन रमावं म्हणून नातीचं सांगत राहतो. गुणी आहे.




शुक्रवार, १७ मे, सकाळी सव्वाअकरा, सेजेस्ता

दोन मिनिटं सावलीत बसून लिहितेय, कारण हे संध्याकाळपर्यंत पोटात ठेवता येणार नाही.

मी देवळासमोर उभी राहिले. पाठ नाही, तोंड करून. हातात माइक. सूर्य खांबांच्या मधून येत होता, खाली सगळी बडीशेप पिवळी फुललेली, आणि सतरा डॅनिश माणसं टोप्या मागे करून वर बघत होती. मी म्हटलं, "हे देऊळ पूर्ण झालंच नाही. खांबांवर शेवटचा हात फिरवायचा राहिला, छप्पर घालायचं राहिलं. अडीच हजार वर्षं झाली, अजून कुणी तक्रार केलेली नाही." आणि ते हसले. माझ्या विनोदाला, इंग्रजीत, सगळेच्या सगळे हसले. मोगेन्स नावाचा एक ताडमाड म्हातारा आहे, शाळेचा हेडमास्तर होता म्हणे, त्याने तर टोपीच काढली. मला रडू येणार होतं. चोवीस वर्षं हे माझ्या पाठीमागे होतं.

मावशी मात्र वेगळीच. तिने विचारलं, "छप्पर कुठाय?" म्हटलं, बांधलंच नाही. "मग तिकीट कसलं घेता?" मोगेन्सने भाषांतर करून मागितलं. केलं. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि तिने त्याला पिशवीतले बदाम दिले. आता बसमध्ये सगळ्यांना बदाम वाटतेय, ते तिला सीटवरून उठतानाही हात देतात. दोन्हीकडे एक शब्द कळत नाही आणि छान चाललंय.

बंदरावर मोजले, अठरा. देवळाशी अठरा. वर नाट्यगृहाकडे गेलो तेव्हाही अठरा. यादी ग्रुपच्या तिकिटासाठी खिडकीवर द्यावी लागली. माझ्याच खिडकीवर! पलीकडून तिकीट देणारी पोरगी म्हणाली, "निन्फाताई, रुबाब आहे." आहेच.

चला, एरिचे. मगाशी माइकची तार सोडवत होते तेव्हा मावशी काहीतरी मिम्माचं सांगत होती, तिची धाकटी बहीण एरिचेत असते ना, तिचे गुडघे, तिचं ताजं रिकोत्ता चीज, तिचा मुलगा संध्याकाळी गाडी घेऊन खाली येतो वगैरे. मी हो हो केलं. तार मेली सुटता सुटत नव्हती.


त्याच दिवशी, दुपारी तीन वाजून पाच मिनिटं, एरिचे, बसमध्ये

लिहिलं नाही तर किंचाळेन.

पावणेतीनला सगळ्यांनी गावच्या वेशीत बसपाशी यायचं ठरलं होतं. दुपारी एकला सोडलं तेव्हा लख्ख ऊन, खाली मिठागरं आरशासारखी. दोनला ढग डोंगरावर चढला. आता समोरचा दरवाजा दिसत नाही. वाऱ्याने रोपवेचे पाळणेही बंद केलेत, म्हणजे बसशिवाय दुसरा रस्ता नाही.

मोजले. सतरा.

पुन्हा मोजले. सतराच. नार्दोने मोजले, एका हाताने किल्ली धरून. सतरा. त्याचा चेहरा मिठासारखा झाला. "बघ," म्हणाला, "सांगितलं होतं."

एक पाहुणा हरवला. माझा एक पाहुणा या ढगात कुठेतरी आहे, साठीच्या पुढचा, दगड ओले झालेत, किल्ल्याकडे तर कडेला कठडाही बुटका आहे. नावं वाचायला यादीही नाही, ती सेजेस्ताच्या खिडकीतच राहिली. त्यांनाच विचारलं, कोण नाही? एक बाई उठून म्हणाली, "ती म्हातारी बाई नाही. छोटीशी. ती आम्हाला फार आवडते." छोटीशी म्हातारी. यांच्यातली एकही बाई छोटीशी नाही, सगळ्या माझ्याहून हातभर उंच! मला एवढंही लक्षात नाही की माझ्या गटात एक छोटी म्हातारी आहे, कसली मी गाइड?

नार्दो किल्ल्याकडे धावलाय. साडेतीनला निघालो नाही तर जहाज गेलंच. एकासाठी थांबले तर सतरा जण बंदरावर उभे राहतील, निघाले तर एक म्हातारी परक्या डोंगरावर एकटी. फिकट पिवळी खोली डोळ्यांसमोर येतेय सारखी.

नार्दो परत आला. एकटाच. आता मी जाते.


त्याच दिवशी, रात्री

पाय पाण्यात सोडून लिहितेय.

मुख्य रस्त्याने धावत सुटले. दर दुकानात डोकं घालून विचारलं, "एक परकी म्हातारी पाहिलीत? छोटीशी?" टोप्या विकणारा म्हणाला नाही. चर्चपाशी झाडणारा म्हणाला नाही. मिठाईवाली तोनिया मला शाळेपासून ओळखते, ती क्रीम भरलेल्या गरम जेनोवेजींचा ट्रे भट्टीतून काढत होती. ती म्हणाली, "परकी नाही बाई. आज दुकानावरून एकच म्हातारी गेली, तुमची सारिना. मिम्माकडे चालली होती. सांगत होती की मला आज डॅनिश लोकांत मोजलंय."

मी तिथेच पायरीवर बसले. तोनियाने विचारलं, पाणी देऊ का? मी म्हटलं, "तोनिया, मी गाढव आहे." ती म्हणाली, "हो, पण पाणी पी."

माझे सगळे पाहुणे बसमध्ये होते. पावणेतीनपासून. सतराच्या सतरा, वेळेवर, डेन्मार्कचेच ते. मी एका न हरवलेल्या माणसासाठी त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं होतं.

धावत बसकडे आले, म्हटलं, "चला, निघू, सगळे आहात." तर मोगेन्स दारात उभा राहिला. "ती बाई?" मी म्हटलं, ती ठीक आहे, ती बहिणीकडे आहे. "तिची बहीण इथे कशी असेल?" तिला हे जहाजावरचीच पाहुणी समजत होते. आता हे मी इंग्रजीत कसं सांगू? म्हटलं, ती फक्त मोजण्यापुरती होती. हे ऐकून सगळे आणखीच घाबरले. मागून एक बाई म्हणाली, "आम्ही तिला सोडून जाणार नाही." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, जहाज जाणार हे माहीत असून. इकडे नार्दो स्टिअरिंगसमोर हात बांधून बसलेला, "मीही नाही जाणार. सतरा आहेत." दोन्ही बाजूंनी तेच, कारणं वेगळी. तीन वाजून एकतीस मिनिटं.

पुन्हा धावले. मिम्माचं अंगण दोन गल्ल्या आत. मावशी पायाखाली स्टूल घेऊन पत्ते खेळत होती आणि जिंकत होती.

"मावशी, ऊठ."

"का? मी सांगितलं होतं ना, मी मिम्माकडे उतरणार म्हणून. तू हो म्हणालीस."

"हो म्हणाले. चूक झाली. ऊठ."

"डाव अर्धा आहे."

"मावशी, तू आली नाहीस तर मला तोरिनोला जावं लागेल."

हे माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे. तिने माझ्याकडे पाहिलं, पत्ते पालथे टाकले आणि उठली. मिम्माला म्हणाली, "माझे पत्ते बघू नकोस, मी मोजलेत." मी तिचा एक हात धरला, मिम्माच्या मुलाने दुसरा, आणि ओल्या दगडांवरून आम्ही तिला जवळजवळ उचलून आणली.

बसमध्ये टाळ्या. एक बाई चक्क रडत होती. मावशीला वाटलं, या लोकांत अशीच पद्धत असेल. तिने दारापासून मागच्या सीटपर्यंत एकेकाचे मुके घेतले. नार्दोने मोठ्याने मोजले. अठरा. मग त्याने घाट असा उतरवला की देव आठवले, पण एकदाही चाक घसरलं नाही. ढगाखाली आलो, समुद्र दिसला, आणि जहाज होतं. पांढरं, ढिम्म, तिथल्या तिथे. मी माइकवर काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही, नुसतीच हसत होते.

चार वाजून एकवीस मिनिटं. सगळे उतरले, पळाले. आणि मग बघते तर मोगेन्स आणि ती रडणारी बाई, दोघांनी मावशीच्या काखेत हात घालून तिला जहाजाकडे चालवलेलं. मावशी मागे वळून मला विचारतेय, "हे मला कुठे नेतायत?" शिडीवरच्या शिपायाने तिचं कार्ड मागितलं. तिने पिशवीतून त्रापानीच्या शहर बसचा पास काढून दिला.

मग सांगावंच लागलं. शुक्रवार, सतरा तारीख, सतरा पाहुणे, अठरावी मावशी, सगळं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, धापा टाकत. मोगेन्सने हेडमास्तरासारखं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आम्हाला अपशकुन होऊ नये म्हणून तुम्ही आमचं जहाज चुकवत होता."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याने माझा हात हातात घेतला, मावशीचा घेतला, आणि वर गेला. शिडी उचलली. फाटकापाशी पोमाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "सोमवारी कचेरीत ये," एवढंच म्हणाल्या.

नार्दोने घरी सोडलं. दारात म्हणाला, "तू तोरिनोला जाणार आहेस, हे मला मावशीकडून कळतं." आणि रागाने गेला. भाड्याचं काय ते आजही बोलला नाही.


सोमवार, २० मे

दोन दिवस घासभर अन्न गोड लागलं नाही. आज सकाळी आठलाच कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले.

पोमाबाईंनी चष्मा लावला आणि जहाजावरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. सतरा जणांच्या सह्या. "आमची गाइड देऊळ उत्तम सांगते. मोजणी तिला येत नाही. तिने आम्हाला जहाज चुकण्याच्या बेतात आणलं. पण एका म्हातारीला डोंगरावर सोडून ती निघाली नसती, हे आम्ही पाहिलं, आणि आम्ही सगळे म्हातारे आहोत."

मी खाली बघत राहिले. खरं तर ते एकट्या मलाच दिसलं नव्हतं; मी तर निघालेच होते.

"मंगळवारची जहाजं घे," पोमाबाई म्हणाल्या. "उद्यापासून. आणि यादीची दुसरी प्रत जवळ ठेवत जा." मी बाहेर पडताना हळूच म्हणाल्या, "ती मावशी पुढे येणार असेल तर आधी सांग. जहाजावर बाकीचे तिची चौकशी करतायत."

नार्दोला रस्त्यातूनच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "बस धुतो."

मग गास्पारेला लावला. म्हटलं, "मला काम मिळालं बाळा. मी येत नाही."

तो म्हणाला, "आई, असं कसं? आम्ही नोएमीचं पाळणाघरात नाव घातलं नाही."

"का नाही घातलं?"

"तू येणार म्हणून."

"नाव कधी घालायचं होतं?"

"जानेवारीत. आता कुठेच जागा नाही."

जानेवारीत. "आई, तू एकटी असतेस, मला झोप लागत नाही," हे तो मला पहिल्यांदा म्हणाला ते मार्चमध्ये. मला तारीख आठवते, कारण मी त्या रात्री रडले होते, की पोराला माझ्यामुळे झोप नाही.

तो पुढे बोलत होता, सूनबाईंची नोकरी, खोलीचा रंग. मी ऐकत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, खोटं कशाला लिहू. आणि मग एकदम अंग हलकं झालं. मुलाला आई हवी असती तर मला जावंच लागलं असतं, रडत का होईना गेलेच असते. त्याला पोरगी सांभाळायला बाई हवी होती. बाई तोरिनोत मिळते.

तेच सांगितलं त्याला, गोड आवाजात. एक चांगली बाई शोध, पहिल्या महिन्याचे पैसे मी देते. आणि ऑगस्टमध्ये नोएमीला घेऊन ये, तिला देऊळ दाखवते.

उद्याची यादी आली. बावीस जण, कॅनडाचे. ब्लाउज धुऊन वाळत घातलाय.